कोल्हापूरच्या वेशीवरची पाटी

प्रश्न असा आहे: "आमच्या नागरी मंडळानं कोल्हापूरच्या पाच प्रवेशमार्गांवर (शिवाजी पूल, तावडे हॉटेल, फुलेवाडी, कळंबा, उजळाईवाडी) स्वागत कमानी उभारायचं ठरवलं आहे. प्रायोजक तयार आहेत. कमानीवर अंबाबाई, शाहू महाराज, कुस्ती, चप्पल, गूळ असं सगळं यावं, अशी सभासदांची इच्छा आहे. महापालिकेकडं प्रस्ताव देण्याआधी काय काय ठरवावं?"

प्रस्ताव लिहायला बसण्याआधी एक संध्याकाळ मोकळी काढा. दुचाकीवर दोघं बसा, पाचही रस्त्यांनी चार-पाच किलोमीटर बाहेर जा आणि परत आत या. मागं बसलेल्यानं एकच काम करायचं. ज्या क्षणी मनात "आलं कोल्हापूर" असं येईल, तिथं गाडी थांबवायची आणि खूण करायची. दुसऱ्या दिवशी हेच काम गाव नवं असलेल्या एखाद्या पाहुण्याला बसवून करा. पाट्यांच्या धंद्यात मला सव्वीस वर्षं झाली. सुरुवात पेंटरच्या हाताखाली ब्रश धुण्यापासून झाली, आता रस्त्यावरच्या मोठ्या पाट्यांचं आरेखन करतो. आजही प्रत्येक गावाचं काम मी असंच सुरू करतो. मी पाहिलेल्या फसलेल्या कमानींतल्या बहुतेक जागेमुळं फसल्या. नक्षीला कुणी नावं ठेवल्याचं मला आठवत नाही.

शिवाजी पुलाकडून आत येताना जागेबद्दल वादच नाही. रत्नागिरी, पन्हाळा, जोतिबा कुठूनही या, पंचगंगा ओलांडली की गाव लागलं. एका बाजूला घाट आणि त्याच्या दीपमाळा, समोर ब्रह्मपुरीची टेकडी. या टेकडीवर 1945-46 साली उत्खनन झालं आणि तिथं दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या खुणा मिळाल्या. म्हणजे माणसं तेव्हापासून नदी ओलांडूनच या गावात येतात. इथं पाटीला फार बोलावं लागत नाही. पुलाच्या गावाकडच्या टोकाला, नदीचं दृश्य न अडवता, कमरेएवढ्या दगडी भिंतीवर फक्त गावाचं नाव. बस. तिथं तीस फुटी कमान उभी केली, तर पूल ओलांडताना जे दिसायला हवं तेच झाकलं जाईल.

महामार्गावरच्या तावडे हॉटेल चौकाचं उलटं आहे. पुण्याकडून येणारे आणि बेळगावकडून येणाऱ्यांतलेही बरेचजण महामार्ग सोडून तिथंच वळतात. म्हणजे सगळ्यात जास्त माणसं इथून आत येतात आणि सगळ्यात जास्त गोंधळही इथंच. वळायचं कुठं, सेवा रस्ता कुठला, ट्रक कुठून घुसेल, या विवंचनेत असलेल्या चालकाला त्या क्षणी स्वागत नको असतं, दिशा हवी असते. त्याला "अंबाबाई मंदिर", "रेल्वे स्टेशन", "वाहनतळ" हे बाण आधी दिसू द्या. वळण संपलं, गाडी सरळ झाली, श्वास खाली बसला की मग स्वागत. माझ्या मते या रस्त्यावरची पाटी चौकात नकोच. ती कावळा नाक्याच्या बाजूला, सरळ रस्त्यावर, डाव्या हाताला हवी. पुढं ताराराणींचा घोड्यावरचा पुतळा आहेच. तुमच्या पाटीनं त्या पुतळ्याशी स्पर्धा करू नये, त्याची चाहूल द्यावी.

फुलेवाडी, कळंबा आणि उजळाईवाडीकडचा विमानतळाचा रस्ता यांचा निकाल तुमच्या त्या दुचाकीच्या फेरीतच लागेल. शियेकडून कसबा बावड्यात येणारा रस्ता मात्र तुमच्या यादीत दिसत नाही. वाहनं कमी नाहीत तिथं, विचार करा.

आता हद्दीचं प्रकरण. बाहेरच्या सल्लागाराला हे समजत नाही, कोल्हापूरकराला समजावून सांगावं लागत नाही. 1972 साली महापालिका झाली, क्षेत्र 66.82 चौरस किलोमीटर, आणि त्यानंतर दशकानुदशकं हद्दवाढीचा, म्हणजे आसपासची गावं महापालिकेत घेण्याचा, विषय निघाला की मोर्चे निघत आले. 2017 साली 42 गावांसाठी नागरी विकास प्राधिकरण आलं, तरी गावांच्या मनातली शंका गेली नाही. अशा वेळी उचगाव किंवा सरनोबतवाडीच्या जमिनीवर "कोल्हापुरात स्वागत" असं लिहिलेली कमान उभी राहिली, तर गावाला ती कमान न वाटता नोटीस वाटेल. एका शहराच्या कामात मी हा अनुभव घेतलाय. जागेची मोजणी करायला गेलो, तर ग्रामपंचायतीसमोर शंभर माणसं जमलेली. शेवटी चहा झाला, पण पाटी झाली नाही.

यातून दोन वाटा निघतात. जागा हद्दीच्या आतच धरायची, किंवा हद्दीबाहेरची धरायची असेल तर आधी सरपंचांना भेटायचं आणि त्याच भिंतीवर गावाचं नाव पहिल्यांदा, मानानं लिहायचं. दुसरी वाट मला जास्त आवडते. भेट मात्र प्रस्ताव देण्याआधी. मंजुरी खिशात घालून गेलात की ती भेट राहत नाही.

परवानग्यांचं थोडक्यात सांगतो. रस्ता कुणाचा आहे हे आधी काढा: राष्ट्रीय महामार्ग, सार्वजनिक बांधकाम विभाग की महापालिका. महामार्गाच्या जमिनीवर 2002 च्या नियंत्रण कायद्यामुळं महामार्ग प्रशासनाच्या परवानगीशिवाय एक खांबही रोवता येत नाही. शिवाय सातारा-कागल सहापदरीकरणात उड्डाणपूल आणि सेवा रस्ते बदलताहेत, तेव्हा अंतिम नकाशा हातात आल्याशिवाय तिथली जागा धरू नका. वाहतूक पोलिसांचं पत्र घ्या. दिव्यांसाठी महावितरणचा मीटर लागेल आणि तो कुणाच्या नावावर असेल, हे आजच ठरवा. हसू नका. बिल कोण भरणार हे ठरलं नव्हतं म्हणून अंधारात गेलेल्या कमानी मी मोजून दाखवीन.

कमान हवीच का, हा खरा प्रश्न. जुन्या कोल्हापूरला कोट होता आणि कोटाला वेशी होत्या. गंगावेस, रंकाळावेस ही नावं रिक्षावाला आजही घेतो. बिंदू चौकात तटाचा तुकडा आणि बुरूज उभे आहेत. वेशीला दरवाजा होता, पहारा होता, रात्री ती बंद व्हायची. म्हणून ती कमान होती. आजच्या आपल्या कमानीखालून रस्ता जातो, दरवाजा कुठंच नाही. उरतात दोन खांब आणि वर एक आडवा तुळईसारखा फलक. आणि दोन खांब दिसले की आपल्याकडं काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. वाढदिवसाचा फ्लेक्स. मग निवडीचं अभिनंदन. मग गणपती मंडळाचं. विद्रूपण प्रतिबंधक कायदा 1995 चा आहे, पण कायद्यापेक्षा दोरी लवकर बांधली जाते.

कमानीखालून काय काय जाणार याचा हिशेबही करा. रस्त्यावर किमान 5.5 मीटर मोकळी उंची धरायची पद्धत आहे, म्हणजे साधारण 18 फूट. आपल्या मंडळांची मूर्तीच 21 फुटी असते, खाली ट्रॉलीची उंची वेगळी. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींत यंत्रं घेऊन येणारे ट्रेलर आहेत, साखर कारखान्यांचे बॉयलर आहेत. कुठली तरी एक गणेशचतुर्थी अशी येते की मिरवणूक कमानीपाशी अडते आणि रात्री बारा वाजता कुणीतरी वेल्डर शोधत फिरतं.

त्यात वारा. हिशेब सोपा आहे: वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, वर्ग करा, 0.6 नं गुणा, प्रति चौरस मीटर न्यूटनमध्ये दाब मिळतो. ताशी 140 किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला 39 मीटर, दाब सुमारे 910. सहा बाय तीन मीटरच्या सपाट फलकावर हा भार दीड टनाच्या वर जातो, आणि तोही आडवा, खांब उपटू पाहणारा. प्रत्यक्ष आरेखनात आकाराचे आणि जागेचे गुणांक येतात, ते आयएस 875 या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागावरून तुमचे स्ट्रक्चरल इंजिनिअर काढतील. 13 मे 2024 रोजी घाटकोपरला होर्डिंग कोसळून 17 माणसं गेली. उंच फलक उभारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती तारीख असावी. वळवाचा पाऊस आपल्याकडं कसा येतो, हे मी सांगायला नको.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: कमान नको, रस्त्याच्या डाव्या बाजूला बुटकी भिंत. पण भिंतीलाही धोका आहे. भरधाव गाडी आदळली तर दगडी भिंत माफ करत नाही. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, दुभाजकात किंवा चौकातल्या बेटावर ती कधीच ठेवू नका. गटार आणि पदपथ यांच्याही पलीकडं, सरळ रस्त्यावर ठेवा. चौकाजवळ असेल तर बाजूच्या रस्त्यावरून येणारा दुचाकीवाला तिच्यामागं झाकला जात नाही ना, हे स्वतः खाली बसून बघा.

जागा बघण्याचा महिनाही महत्त्वाचा. कळंब्याच्या पुढं किंवा बालिंग्याच्या बाजूला उन्हाळ्यात उसाची तोड होऊन गेली की शेत मोकळं असतं आणि जागा लांबून झकास दिसते. डिसेंबरात तिथंच दहा-बारा फूट ऊस उभा असतो आणि पाटी गाडीच्या खिडकीशी आल्यावर एकदम समोर येते. एकदा मी स्वतः यात फसलोय. मे महिन्यातले फोटो बघून जागा नक्की केली, दिवाळीनंतर उद्घाटनाला पाहुणे आले आणि पाटी ओलांडून पुढं गेले.

आता वाचण्याचा भाग, म्हणजे माझा खरा धंदा. ताशी 60 च्या वेगानं गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. चालकानं रस्त्यावरून नजर उचलून पाटी बघायची, वाचायची आणि परत रस्त्यावर यायचं, याला तीन सेकंद पुरेत असं धरा. पाटी अगदी जवळ आली की मान वळवावी लागते, म्हणून शेवटचे वीस-तीस मीटर हिशेबातून वजा. म्हणजे अक्षर 80 मीटरवरून वाचता आलं पाहिजे. देवनागरीसाठी माझा ठोकताळा असा: दर तीन मीटर अंतराला शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत एक सेंटिमीटर. 80 मीटरला 27 सेंटिमीटर. रोमन लिपीला याहून कमी चालतं, पण आपल्याला वर मात्रा आणि खाली उकार आहेत. "कोल्हापूर" या एकाच शब्दात वर काना-मात्रा आहे, मध्ये ल्ह हे जोडाक्षर आहे आणि पू च्या खाली दीर्घ ऊकार लोंबतोय. हे सगळं धरून शब्दाची पूर्ण उंची 45 सेंटिमीटरच्या आसपास जाते. फ्लेक्सवाला हे मोजत नाही, तो चौकटीत बसेल तेवढं दाबतो आणि पहिला बळी ऊकाराचा जातो.

तीन सेकंदांत किती शब्द? चार, फार तर पाच. "करवीर निवासिनी श्री अंबाबाईच्या व राजर्षी शाहूंच्या पावन नगरीत आपले सहर्ष स्वागत" हे वाचायचं तर गाडी बाजूला घ्यावी लागेल. "कोल्हापूर" हे सगळ्यात मोठं, खाली लहान अक्षरांत "स्वागत". बाकी गाव स्वतः सांगेल.

शुद्धलेखन तपासताना एक जागा हमखास चुकते. "कोल्हापूर" मधला पू दीर्घ, पण प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो: "कोल्हापुरात", "कोल्हापूरात" नव्हे. दगडात कोरलं की चूकही दगडात राहते आणि जिल्ह्यातला प्रत्येक मराठीचा मास्तर एकदा तरी फोन करतो. फॉन्ट निवडताना ल आणि श मराठी वळणाचे आहेत ना, हेही बघा. संगणकावरच्या बऱ्याच फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे येतात. माझं ऐकाल तर फॉन्ट नकोच. चित्रकार आणि चित्रपटकार बाबूराव पेंटरांच्या गावात हातानं अक्षर काढणारी माणसं अजून आहेत. त्यांच्याकडून "कोल्हापूर" हा शब्द पूर्ण मापात कागदावर काढून घ्या आणि तेच अक्षर पाचही ठिकाणी वापरा.

मंजुरीआधी एक प्रयोग जरूर करा. तो कागद किंवा कापड बांबूला बांधून प्रत्यक्ष जागेवर उभं करा आणि तिन्हीसांजेला समोरून जा, एकदा दुचाकीवर, एकदा कारमध्ये, एकदा एसटीच्या पुढच्या सीटवर. खर्च किरकोळ. कार्यालयात टेबलावर ठेवलेल्या चित्रातून जे कळत नाही, ते या एका फेरीत कळतं. रंगाबद्दल एवढंच, की हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं ही महामार्गाच्या दिशाफलकांची खूण आहे, ती उसनी घेऊ नका.

चित्रांबद्दल तुमचे सभासद नाराज होतील, तरी लिहितो. देवीचं आणि महाराजांचं चित्र रस्त्याकडेला, धुळीत आणि कबुतरांच्या स्वाधीन करू नका. वर्षभरात रंग उडतो आणि मग ती विटंबना होते, की देखभालीतली ढिलाई, यावर वाद पेटतो. चप्पल आणि रस्सा पाटीवर आणायची गरज नाही, त्यासाठी दुकानांच्या पाट्या समर्थ आहेत. फार वाटलं तर प्रत्येक रस्त्याला त्याच्या बाजूची एकच रेषाकृती द्या: पुलाकडं दीपमाळ, फुलेवाडीकडं रंकाळ्याचं पाणी. पाचही ठिकाणी पाच गोष्टींचं एकच कडबोळं नको.

दगड आपला काळा बेसाल्ट घ्या. न्यू पॅलेस राजवाडा त्याच दगडात उभा आहे आणि दीडशे पावसाळ्यांच्या आसपास झाले तरी ताठ आहे. आपल्याकडच्या पाथरवटांचा हात त्यावर बसलेला आहे. ॲल्युमिनियम कंपोझिटचा पत्रा सुरुवातीला चकचकीत दिसतो, मग कडा सुटतात आणि वाऱ्यानं फडफडतो. अक्षरं दगडात खोदून पांढरी भरा किंवा जाड स्टेनलेस स्टीलची बसवा. देवनागरीत शिरोरेषेनं शब्द बांधलेला असतो, त्यामुळं पूर्ण शब्द एका तुकड्यात कापता येतो. सुटी सुटी अक्षरं बसवून शिरोरेषेला फटी पाडू नका.

आणि अक्षरांच्या आत दिवे नकोत. एका शहरात मी रात्री पोचलो तर नावातली पहिली दोन अक्षरं विझलेली. तुमच्याकडं "को" विझला तर गाव "ल्हापूर" होईल आणि ते व्हॉट्सॲपवर किती फिरेल, याची कल्पना करा. बाहेरून, भिंतीच्या पायापासून थोडं दूर, जमिनीच्या वर उचललेले दोन दिवे पुरतात. जमिनीत पुरलेल्या दिव्यांत पहिल्याच पावसात पाणी भरतं. प्रकाश चालकाच्या डोळ्यांत जात नाही ना, हे दोन्ही बाजूंनी बघा.

पुराचं सांगायलाच हवं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी, हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ. 2019 आणि 2021 साली शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. पुलाकडची आणि शिरोलीकडची जागा धरताना 2021 च्या पाण्याची खूण शेजारच्या भिंतींवर शोधा, मीटर आणि वायरिंग त्याच्या वर घ्या. दगडी भिंत चार दिवस पाण्यात राहिली तर धुऊन निघते. पोकळ पेटीचा फलक आतून चिखलानं भरतो आणि मग त्यात साप राहतात. हे मी पाहिलंय.

फ्लेक्सपासून बचाव करायचा तर भिंतीचा माथा उतरता ठेवा, टोकाला खांब नको, हूक नको, दोरी अडकेल अशी खाच नको, आणि पुढ्यात दाट झुडपं लावा, म्हणजे फ्लेक्स घेऊन जवळ जाणाराच कंटाळेल. झुडपं गुडघ्याच्या वर वाढू देऊ नका, नाहीतर स्वागत त्यांच्याआड जाईल.

मागची बाजू कोरी सोडू नका. गाव सोडून जाणारा तीच बघतो. आपल्यात कुणी "जातो" म्हणून उठत नाही, "येतो" म्हणतो. त्याला उत्तर म्हणून तिथं "या परत" एवढंच लिहा. "धन्यवाद, पुन्हा भेट द्या" हे पेट्रोल पंपावर ठीक आहे.

राहिले प्रायोजक. त्यांच्या पैशाचे दोन भाग करा. एक बांधकामाचा, दुसरा पुढच्या दहा वर्षांच्या निगेचा, आणि दुसरा भाग बँकेत ठेव म्हणून आधी ठेवून मगच पहिली कुदळ मारा. या निगेत वर्षातून दोनदा धुणं, एकदा अक्षरं भरणं, झुडपं कापणं, दिवे बदलणं एवढंच येतं, पण ते कोण करणार त्या माणसाचं नाव करारात असू द्या. पाचांचे पैसे पुरत नसतील तर दोनच करा, शिवाजी पूल आणि तावडे हॉटेल. प्रायोजकांची नावं भिंतीच्या मागच्या अंगाला, पायाजवळ, पितळी पट्टीवर, हाताच्या पंज्याएवढ्या जागेत. याला जो नाही म्हणेल त्याला पाटी नको आहे, होर्डिंग हवं आहे, आणि त्यासाठी दर ठरलेले आहेत.

परवानग्यांचे कागद पावसाळ्यात फिरवा, पाया दिवाळीनंतर जमीन सुकल्यावर खणा, दगड उन्हाळ्यापूर्वी बसवून घ्या. पहिला पावसाळा भिंतीला नुसता खाऊ द्या. पाणी कुठं साचतं, चिखल कुठून उडतो हे बघून पदपथ आणि झुडपांचं काम नवरात्राच्या आधी आटपा. उद्घाटनाच्या मांडवासाठी भिंतीत खिळे ठोकू नका म्हणून मांडववाल्याला आदल्या दिवशी फोन करून सांगा.